डाळ शिजेल असं पाणी

देवबाग, ता. मालवण
२७ मे १९५८

काशिनाथभावजींस जानकीचा नमस्कार.

तार करायला मालवणला जावं तर वाडीत धड होडी उरलेली नाही, म्हणून पत्र. आधी मोठी गोष्ट सांगते. माणसं सगळी आहेत. माई आहेत, मी आहे. तुम्ही पाठवलेले गुरुदास मास्तर आणि सुभद्राबाईही सुखरूप आहेत. काल ते चालतच मालवणला गेले आणि तिथून मोटारीने कोल्हापूरच्या वाटेला लागले.

गेल्या सोमवारी जेवणं आटोपली आणि वारा फिरला. वाऱ्याचं आम्हाला नवल नाही, पण माई पडवीत उभ्या राहिल्या त्या आत येईनात. मग समुद्र पश्चिमेकडून वर आला आणि वाडीवरून खाडीत उतरला. मध्ये आपलं घर. मास्तरांना आणि बाईंना मी माळ्यावर चढवलं. माईंना म्हटलं तुम्हीही चढा, तर म्हणतात, "म्हातारी बुडली तर बुडली गो. पावणो बुडाक नको." कमरेइतक्या पाण्यात खांबाला धरून उभ्या राहिल्या. दोन तासांनी पाणी ओसरलं.

पाहुण्यांच्या चार खोल्यांपैकी तीन गेल्या. भांडी वाळूत सापडताहेत, अजून रोज एखादं सापडतं. सतरा माड आडवे झाले. आणि आपली बाव समुद्राने भरली. तुम्हाला ठाऊक आहे, दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि मध्ये वाळूत पुरुषभर खाली गोडं, हेच देवबागचं नवल. आता पोहरा काढला तर तोंडात धरवत नाही.

शेजारच्या शेवंतीने माझं बघून गेल्या वर्षी दोन खोल्या काढल्या होत्या. तिच्याही गेल्या, तिच्याही बावीत मीठ.

माईंचे चिरंजीव, तुमचे मावसभाऊ, बोटीवरून परत आले नाहीत त्यानंतरची सात वर्षं आम्ही दोघी ह्या चार खोल्यांवर जगलो. आता पाहुण्यांना काय कळवू तेवढं सांगा. येऊ नका असं लिहू का?

जानकी

---

गिरगाव, मुंबई
४ जून १९५८

गं. भा. जानकीवहिनीस भाईचा सा. न.

तुझं पत्र आधी भटारखान्यात उभ्याने वाचलं, मग गल्ल्यावर बसून वाचलं, मग धोंडू मिस्त्रीला वाचून दाखवलं. माई खांबाला धरून उभी राहिली ते वाचताना माझा आवाज गेला. धोंडू म्हणाला, "शेट, पाणी देऊ?" मी म्हटलं, पाण्याचं नाव काढू नको.

आता कामाचं. पाहुण्याला 'येऊ नका' असं कधी लिहू नये. एकदा नाही ऐकलेला माणूस दुसऱ्या गावची वाट शिकतो आणि मग त्याला तिथलंच कालवण गोड लागतं. 'दिवाळीनंतर या' असं लिहावं. ते मी लिहितो. तुला आठवतं, पहिल्यांदा मी काय लिहिलं होतं? तुझ्या हाताला चव आहे, दारात समुद्र आहे आणि मागे गोड्या पाण्याची बाव आहे, ह्या तिन्हींचा मुंबईत दुष्काळ. डॉक्टर हवा पालटा म्हणतो आणि माणसाला जायला जागा नसते. माझ्या खाणावळीत रोज दोनशे पानं उठतात. कोण खोकतो, कोणाचा जावई आजारातून उठलाय, कोणाला बायकोला घेऊन चार दिवस कुठे जायचंय, सगळं माझ्या कानावर पडतं. मी फक्त एवढंच म्हणतो, देवबागला जाऊन या.

खोल्यांना ह्या वेळी झावळ्या नकोत. मंगळुरी कौलं पाठवतो. गलबतं सुरू झाली की पहिल्या फेरीला.

राहिली बाव. त्यात काय अवघड? आमच्या वालावलीत दर चैत्रात बाव उपसतात. तळ दिसेपर्यंत पाणी काढायचं, गाळ काढायचा, दोन दिवस थांबायचं, की नवं पाणी काचेसारखं. तुमच्या बावीत समुद्र शिरलाय, तर समुद्र उपसून बाहेर फेकायचा. दोन बायकांच्या हाताने होणार नाही ते. मी तेलावरचं इंजिन बघतो. धोंडू त्यातला जाणकार आहे, गिरणीत काढलीयत त्याने वर्षं.

माईला सांग, खांब सोडू नको म्हणावं, मी येतोय.

भाई

---

देवबाग
२ जुलै १९५८

भावजींस नमस्कार.

पाऊस चांगला लागलाय. उरलेल्या खोलीत आम्ही झोपतो, पडवीत चूल आहे. शेवंतीचं बिऱ्हाडही आमच्याकडेच आहे.

बावीबद्दल लिहायचं होतं. माई रोज सकाळी करवंटीने अगदी वरवरचं पाणी घेतात, चाखतात आणि थुंकतात. परवापासून थुंकत नाहीत, नुसतं तोंड वाकडं करतात. मी पोहरा सोडायला गेले तर माझा हात धरला. म्हणतात, "भाईक लिही, बावीत कोणी हात घालूचो नाय. ती रुसली आसा. रुसलेल्या बायलेक ढवळूचा न्हय." आधीच्या एका वादळानंतर, त्या नवी नवरी असताना, त्यांच्या सासऱ्यांनी बावीवर झाकण म्हणून काटेरी झाप टाकून ठेवला होता म्हणे.

इंजिनाचा खर्च आणि खटपट कशाला, असं माझ्याही मनात येतं. माईंचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. बाकी तुम्ही जाणते.

जानकी

---

गिरगाव
३० ऑगस्ट १९५८

वहिनीस सा. न.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या उघडला. कौलं गलबतावर चढली. मागोमाग बोटीने धोंडू मिस्त्री आणि इंजिन येतंय. ते इंजिन मी स्वतः चालवून पाहिलंय. गिरगावातल्या एका चाळीची टाकी त्याने पाऊण तासात कोरडी केली.

वहिनी, तुझा संकोच मी ओळखतो. 'खर्च कशाला' म्हणणारी बाई खरं म्हणजे 'पाठवा' म्हणत असते, हे मी तीस वर्षं लोकांना वाढून शिकलोय. "आता पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात एक पोळी टाकली तर तो ती खातो. आणि माईचं मी समजू शकतो. वादळात जे पाहिलं त्याने म्हाताऱ्या माणसाच्या मनात भीती बसते. तिला सांग, रुसलेल्या बायलेची समजूत काढायला मुंबईहून इंजिन येतंय. हसेल ती.

अकरा कुटुंबांनी शब्द दिलाय. दिवाळीनंतर लागोपाठ. गुरुदास मास्तरसुद्धा म्हणतात, "ज्या माळ्यावर जीव वाचला तो पुन्हा बघायचाय." सगळ्यांना मी सांगितलंय, बावीचं पाणी पहिल्यासारखं गोड मिळेल. माझा शब्द आहे. चार पाहुणे शेवंतीकडेही पाठवतो, तिला तयार राहायला सांग.

भाई

---

देवबाग
१९ ऑक्टोबर १९५८

भावजींस नमस्कार.

कौलं पोचली. फुटली फक्त नऊ. चारही खोल्या उभ्या राहिल्या, शेवंतीच्या दोन्हीही. भिंतींना चुना लागला. खाटा मालवणहून आल्या. तुम्ही आम्हाला पुन्हा उभं केलंत, हे वाडीतला प्रत्येक जण म्हणतो.

इंजिन तीन दिवस चाललं. सारं देवबाग बघायला जमलं होतं. पाणी कमी होईना तेव्हा धोंडू मिस्त्री खूश झाले. "वहिनी, झरा जिवंत आहे, कितीही उपसा, भरतोय," म्हणाले. ते परवाच्या बोटीने निघाले. पाणी भरपूर आहे. पाण्याची काळजी करू नका.

जमल्यास झाकणाची दोन मोठी पिंपं पाठवावीत. पाहुणे यायचे तर लागतील.

माई बऱ्या आहेत. हल्ली थोडं कमी बोलतात.

जानकी

---

गिरगाव
११ जानेवारी १९५९

वहिनीस सा. न.

पाच कुटुंबं जाऊन आली आणि पाचही मला भेटून गेली. तुझं कौतुक ऐकून माझे कान भरले. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, होडीतून किल्ला दाखवलास ते. मी ऐकत होतो आणि फुगत होतो.

काल गुरुदास मास्तर आणि सुभद्राबाई आले. तू दिलेली कोकमं दिली, तुझ्या पाच चांगल्या गोष्टी सांगितल्या आणि निघाले. जिना उतरताना बाई हळूच मास्तरांना म्हणाल्या, "सगळं छान हो, पण पहिले दोन दिवस डाळ काही शिजली नव्हती. दातांत कचकचत होती. विचारलं तर बिचारीचा चेहराच उतरला, म्हणून मी पुन्हा काढलं नाही." मास्तर म्हणाले, "गप. तिसऱ्या दिवसापासून शिजली ना?"

वहिनी, मी आयुष्यात आणखी काही शिकलो नसेन, पण डाळ शिकलोय. तुझ्या हातची डाळ कच्ची राहत नाही. चांगली डाळ दोन तास उकळून दाणा तसाच राहिला तर दोष डाळीत नसतो, विस्तवात नसतो. दोष पाण्यात असतो.

मग मी गल्ल्यावर बसून मागचं सगळं पुन्हा ऐकलं. तू पिंपं मागितलीस. ज्या घरामागे भरपूर पाण्याची बाव आहे त्या घराला झाकणाची पिंपं कशाला? एका पाहुण्याने सांगितलं होतं, सकाळी खाडीतून होडी यायची, तिच्यात पिंपं असायची. त्याला वाटलं मासळी. मलाही तेव्हा मासळीच वाटली. आणि तुझ्या पत्रात लिहिलंय 'पाणी भरपूर आहे'. गोड आहे असं लिहिलेलं नाही.

बाव कशी आहे? खरं लिही.

भाई

---

देवबाग
२० जानेवारी १९५९

भावजींस नमस्कार.

विचारलंत म्हणून लिहिते.

धोंडू मिस्त्री आले तेव्हा पावसाने बावीत हातभर गोडं पाणी जमलं होतं. माई त्या पाण्याचा चहा करून प्यायल्या होत्या. इंजिन लागलं आणि पहिल्या तासात ते गेलं. नंतर आलं ते खालचं. जेवढं काढलं तेवढं वर येत राहिलं. मिस्त्री खूश होत होते आणि माई बावीच्या कठड्याजवळ बसून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी करवंटीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि करवंटी उपडी करून ठेवली.  मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गोडां पाणी खाऱ्यावर तरंगता गो. सायीसारखां. साय काढून टाकलंस तर खाली काय रवता?"

मला हे तेव्हा कळलं. त्यांनी आधी सांगितलं होतं, पण मी तुम्हाला लिहिताना बावीचं रुसणं तेवढं लिहिलं. का रुसली ते मीही विचारलं नव्हतं. तेव्हा चूक एकट्या तुमची नाही.

वाळू सगळी एकच. शेवंतीची बाव बरी व्हायला लागली होती, तीही गेली. तिने दिवाळीच्या दिवसांत अंगणात उभं राहून मला सांगितलं, "तुज्या मुंबयच्या दिराक सांग, आमची तान त्याच्या इंजिनान भागली." त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. तिचे चार पाहुणे मीच ठेवून घेतले.

खाडीपलीकडे डोंगराच्या झऱ्याला पाणी आहे. भिकाजी तांडेल होडीने दोन पिंपं आणतो. पाहुण्यांना प्यायला ते देते. मास्तर आले तेव्हा पहिले दोन दिवस ते कमी पडलं म्हणून डाळ बावीच्या पाण्यात टाकली. ती शिजली नाही. आता डाळीलाही पलीकडचंच.

लिहिलं नाही, कारण तुम्ही अकरा घरांना शब्द दिला होता. तो माझ्या दारात मोडू नये असं वाटलं.

जानकी

---

गिरगाव
२८ जानेवारी १९५९

वहिनीस सा. न.

तीन वेळा लिहायला बसलो.

बारा वर्षांचा असताना वालावलीहून आलो तेव्हा ह्याच गल्लीतल्या एका खाणावळीत भांडी घासायला लागलो. मालक पडद्याआड काय बोलतात ते ऐकून धंदा शिकलो. सगळं गिरगाव म्हणतं भाईचे कान तिखट. दोनशे पानांचं मी ऐकतो. माई एक वाक्य बोलली, तू ते पोस्टाने माझ्या हातात दिलंस आणि मी म्हटलं म्हातारी घाबरलीय. मावशी आहे ती माझी. आई गेल्यावर दर मे महिन्यात तिच्या पडवीत झोपलोय मी. त्या बावीचं पाणी प्यायलोय आणि ते कुठून येतं हे एकदाही विचारलं नाही.

वालावलीची बाव चिऱ्याची, डोंगराच्या पोटातली. तिला उपसा मानवतो. मला वाटलं बाव म्हणजे बाव.

धोंडूला सांगितलं. तो दिवसभर जेवला नाही.

आता मी काही पाठवणार नाही. कूपनलिका मारणारा एक माणूस ओळखीचा आहे, त्याचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं. तू माईजवळ बस आणि विचार, काय करायचं. ती सांगेल ते शब्दाला शब्द लिही. तिने का म्हटलं तेही विचार आणि लिही.

भाई

---

देवबाग
९ फेब्रुवारी १९५९

भावजींस नमस्कार.

पत्र माईंना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "भाई शाणो झालो." तेवढंच हसल्या.

त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द असं. दोन पावसाळे बावीत पोहरा सोडायचा नाही. आपल्या नाही, शेवंतीच्या नाही, आजूबाजूच्या कोणाच्याच नाही. का, तर पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खाऱ्याच्या डोक्यावर बसतं आणि हळूहळू त्याला खाली दाबतं. कोणी ढवळलं की दोन्ही एक होतात. दोन पावसांनी साय धरेल. मग करवंटीने घ्यायचं, नंतर तांब्याने, आणि पोहरा सगळ्यात शेवटी. इंजिन कधीच नाही.

म्हणजे भावजी, पुढच्या हंगामाला पाहुणे घेता येणार नाहीत. खाडीपलीकडून दोन पिंपांत सहा माणसं निभतात, सोळा नाही. भिकाजीही थकलाय. दोन वर्षं खोल्या बंद राहिल्या तर पाहुणे परत येतील का, ते तुम्हीच सांगू शकता. नाही आले तर हे घर चालणार नाही हे मला कळतं. तरी माईंचं ऐकायचं असं मी ठरवलंय.

जानकी

---

गिरगाव
२ मार्च १९५९

वहिनीस सा. न.

माईचं ऐकायचं. मीही ऐकतोय.

मी तुला म्हटलं होतं, पाहुण्याला 'येऊ नका' असं कधी लिहू नये. काल रविवारी बसून सत्तावीस कार्डं लिहिली. आजवर जे जे देवबागला जाऊन आले आणि ज्यांनी पुढच्या वर्षी जायचं ठरवलंय, त्या सगळ्यांना. मजकूर एकच. देवबागच्या बावीचं पाणी वादळाने खारं झालं होतं, ते सुधारत असताना मी इंजिन लावून पुन्हा बिघडवलं. घरच्या बाईंचा त्यात दोष नाही. दोन वर्षं जाऊ नये. पाणी गोड झालं की कळवीन. खाली पूर्ण सही, काशिनाथ खाणावळवाले.

खाणावळीत पाटी होती, 'हवापालटासाठी देवबाग, चौकशी गल्ल्यावर.' ती उतरवून माळ्यावर ठेवली. खिळा तसाच ठेवलाय.

परत येतील का, हे विचारलंस. ठाऊक नाही. काही शिरोड्याला जातील, तिथेही समुद्र आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाबद्दल मला काही सांगता येत नाही.

सोबत एक कार्ड शेवंतीसाठी. ती घेणार नसेल तर तिच्या उंबऱ्यावर ठेव.

तुम्ही दोघी इकडे या असं म्हणणार होतो. खाणावळीत तुझ्यासारखा हात मिळाला तर मला हवाच आहे. पण माई येणार नाही आणि तू तिला सोडणार नाहीस, म्हणून विचारत नाही.

भाई

---

देवबाग
२१ ऑगस्ट १९५९

भावजींस नमस्कार.

माई काल दुपारी गेल्या.

चार दिवस ताप होता. पावसामुळे वैद्यांना यायला उशीर झाला. ते आले, पण वय झालं होतं. बोटी बंद आहेत आणि तुम्हाला हे पत्र पोचेपर्यंत दहावाही होऊन जाईल, हे मला ठाऊक आहे. शेजारच्यांनी सगळं केलं. अबोला धरल्यापासून शेवंती पहिल्यांदा आली. तिनेच पुढे होऊन अंघोळ घातली.

शेवटचं लिहायचं की नाही ते कळत नव्हतं, पण तुम्ही म्हणाला होता शब्दाला शब्द लिही. काल सकाळी त्यांनी पाणी मागितलं. मी पिंपातलं तोंडाशी धरलं, त्यांनी ओठ मिटले. म्हणाल्या, "बावीतला दी." मी म्हटलं, माई, ते अजून खारं आहे. म्हणाल्या, "माका ठावक आसा. खारां आसा तर आसा. माजांच आसा मां ता."

झाप बाजूला करून करवंटीने वरवरचं घेतलं. त्यांनीच दाखवलं होतं तसं, तरंग न उठवता. दोन घोट घेतले. दुसरा घोट तोंडात बराच वेळ धरला. मग गिळला आणि म्हणाल्या, "कमी झाला."

खारटपणा कमी झाला, असं.

जानकी

---

गिरगाव
३ सप्टेंबर १९५९

वहिनी,

पत्र मिळालं. अंघोळ केली. खाणावळ तीन दिवस बंद ठेवली. इथे काम करणाऱ्यांना बंद म्हणजे काय करायचं तेच कळेना, ते आपले भटारखान्यात बसून राहिले.

'कमी झाला' म्हणाली. ती आपल्याला अहवाल देऊन गेली.

बोट सुरू झाली की येतो. बावीजवळ मी जाणार नाही, लांबून बघीन.

भाई

---

देवबाग
१६ नोव्हेंबर १९६०

भावजींस नमस्कार.

दुसरा पाऊस झाला. तुम्ही गेल्या वर्षी आलात तेव्हा पाहिलंत तसे दोन्ही झाप बावींवर आहेत. पोहरे माळ्यावर. दोन वर्षं वाडीतल्या एकाही बाईने ह्या बावींतून घागर काढली नाही. कोणाला सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. आषाढात शेवंती एका सकाळी पोफळीची चिरलेली लांब पन्हळ खांद्यावर घेऊन आली. अंगणात उभी राहून कौलांकडे बघत होती. म्हणाली, "तुज्या दिराची कौलां बरी आसत. पाणी स्वच्छ येता. वाया कित्याक घालवतंस?" आम्ही दोघींनी ती वळचणीला बांधली. कौलांवरचं पाणी बावीच्या कडेला वाळूत सोडलं, हळू, धार न पडता. नंतर तशीच तिच्या घरालाही बांधली. झावळ्यांचं पाणी लाल येतं, कौलांचं आलं नाही. तुम्ही पाठवलेल्यातलं हे उपयोगी पडलं.

तुमचं कार्ड तिने त्या वेळीच घेतलं होतं म्हणे. वाचता येत नाही म्हणून भिकाजीकडून वाचून घेतलं. मला हे आत्ता सांगते.

कार्तिकी एकादशी होऊन गेल्यावर परवा मी करवंटीने घेतलं. माझी जीभ माईंसारखी नाही. मला गोड लागलं, पण मला लागावंसंच वाटत होतं, म्हणून भरवसा धरला नाही. शेवंती म्हणते गोड आहे. तिचाही तोच मोह.

म्हणून मालवणला बोटीवर ओळखीच्या माणसाकडे एक सुरई दिली आहे. बूच लाखेने बंद केलंय. वरवरचं आहे, तांब्याने काढलेलं. तुम्ही म्हणाला होता डाळ शिकलोय. तुम्ही सांगा.

जानकी

---

गिरगाव
२४ नोव्हेंबर १९६०

गं. भा. जानकीवहिनीस भाईचा सा. न.

सुरई सोमवारी आली. बोटीवरच्या माणसाने विचारलं, "काय, तूप काय?" मी म्हटलं, त्याहून महाग.

दुपारची पानं उठल्यावर मी भटारखान्यातून सगळ्यांना बाहेर काढलं. फक्त धोंडूला राहू दिलं, तोच जाईना. तुरीची डाळ निवडली, एकच मूठ. मुद्दाम जुनी घेतली, नवी डाळ कोणीही शिजवील. हळद नाही, तेल नाही, मीठ तर नाहीच. तुझं पाणी ओतलं. ओतताना एक घोट ठेवला होता, तो प्यायलो नाही. आधी डाळीचं ऐकू म्हटलं.

मी कितीतरी वर्षांत चुलीपुढे बसलो नव्हतो. झाकण ठेवलं आणि कान दिला. वहिनी, डाळ शिजते तेव्हा ऐकू येतं. आधी दाणे तळाला खडखडतात, कवडीसारखे. न शिजणारी डाळ शेवटपर्यंत खडखडते. त्या वर्षी सुभद्राबाईंच्या पानात पडली ती तशीच खडखडली असणार आणि तू एकटी बसून ऐकत असशील.

पाऊण तासाने आवाज जाड झाला. मग नुसता बुडबुडा, दाणा नाही. धोंडूने झाकण काढलं, एक दाणा चिमटीत धरला, आणि दोन बोटांत तो उरला नाही. धोंडू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. 

घोट नंतर प्यायलो. पडवीत झोपायचो तेव्हाचीच चव. थोडी मागे कुठेतरी समुद्राची आहे. ती पूर्वीही होती, आम्हाला वाटायचं आपल्याच घामाची.

शिजलेली ती डाळ टाकवेना. वाटीत घेऊन दोघांनी खाल्ली, अळणी.

सत्तावीस कार्डांपैकी नऊ जणांची उत्तरं ह्या दोन वर्षांत आली होती, ती मी तुला कळवली नव्हती. पाच जण आता शिरोड्याला जातात, बरं आहे म्हणतात. चार जण थांबलेत. मास्तर दर महिन्याला जेवायला येतात आणि गल्ल्यावर एवढंच विचारतात, "काही कळलं?" काल आले होते. मी म्हटलं, अजून नाही.

खोटं बोललो. पण ते सांगायचं माझं काम नव्हे असं वाटलं. पाटी माळ्यावरून खाली काढली, पुसली, भिंतीला टेकवून ठेवली आहे. खिळा आहे. ह्या हंगामाला लावायची की आणखी एक पाऊस थांबायचं, किती माणसांची बाव आहे, घागरीची की तांब्याची, ते तू आणि शेवंती ठरवा. तुमचं पत्र येईपर्यंत पाटी तशीच उभी राहील.

शेवंतीला माझा नमस्कार सांग. सुरई धुऊन परत पाठवतोय. ती बावीजवळ माईच्या करवंटीशेजारी ठेव.

भाई